कोपऱ्यातलं नाक

प्रज्ञा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात तिच्याच घरातलं दुधाचं पातेलं होतं. आदल्या संध्याकाळी छातीत दुखतंय म्हणून मिलिंद, तिचा नवरा, तिला रिक्षात घालून हॉस्पिटलमध्ये घेऊन गेला. जिना उतरता उतरता तिने घराची किल्ली माझ्या हातात कोंबली आणि म्हणाली, "फ्रिज बंद पडलाय गं. सकाळी दूध बघ. नासलं असेल तर ओतून दे, मला विचारत बसू नकोस." सकाळी मी तिचं दार उघडलं, पातेल्यावरचं झाकण काढलं, नाक खाली नेलं आणि तेवढ्यात मिलिंदचा फोन. "वहिनी..." एवढंच तो म्हणाला, पुढे नुसता श्वास ऐकू येत राहिला. मी तिच्या ओट्यापाशी तशीच उभी. दूध चांगलं होतं. महिना उलटून गेला तरी मला त्या दुधाचा राग येतो. इतकं सगळं नासलं आणि ते मेलं दूध तेवढं चांगलं राहिलं!

दूध मीच का हुंगायचं, हे सांगायला हवं. प्रज्ञा साळवे घाटकोपरच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. माहेर विदर्भातलं, सासर इथलंच, आणि आम्ही परब, मूळचे मालवणचे. कांजूरला एकाच मजल्यावर समोरासमोर दारं. साथीच्या काळात तिला ताप आला, तो गेला, तोंडाची चव परत आली, पण वास मात्र गेला तो गेलाच. फोडणी करपली तरी हिला पत्ता नाही. पहिले काही महिने ती रडली, मग तिने त्यावर आपल्या पद्धतीने तोडगा काढला. रोज सकाळी आमची बेल वाजायची आणि दारात ही पातेलं घेऊन उभी. "माधवी, नाक दे जरा." मी हुंगायचे, चांगलं आहे म्हणायचे, की बाई गेली. गॅस हुंगायचा, वरणाचा डबा हुंगायचा, कॉलेजात नेसायची साडी कपाटातून काढली की कुबट येतेय का ते हुंगायचं. मी वैतागायचे. "मी काय पोलिसांचा कुत्रा आहे का गं?" ती म्हणायची, "त्याला पगार असतो. तू फुकट आहेस." आणि मोठ्याने हसायची. तिचं हसणं खालच्या मजल्यापर्यंत जायचं.

आणि अशा बाईच्या आयुष्यात सगळ्यात मोठी लढाई आली ती वासाची!

आमच्या वसाहतीला संध्याकाळी घाण वास यायला लागला. करपलेल्या चरबीचा, डोकं उठवणारा. दिवेलागण झाली की सगळीकडून खिडक्या लावल्याचे आवाज यायचे. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आबांना, दम्याचा जुना त्रास. गिरणीत आयुष्य काढलेला माणूस, कापसाची धूळ आधीच छातीत बसलेली. त्यांना संध्याकाळी धाप लागायला लागली. आता, कांजूरला राहणाऱ्या माणसाला वास आला की तो कुठे बोट दाखवणार? कचऱ्याच्या डम्पिंगकडे. आम्हीही तेच केलं. फलक रंगवले, घोषणा दिल्या, त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातले लोकही तेच म्हणायचे, फक्त उलट्या बाजूने: "डम्पिंग आहे ताई, वास येणारच. राहायला येताना ठाऊक नव्हतं का?" शेवटी डॉक्टरांनी आमच्या ह्यांना स्पष्ट सांगितलं, आबांना इथून हलवा. मग आमच्याकडे बदलापूरच्या जागांची चर्चा सुरू झाली. एके रात्री जेवता जेवता ठरलंसुद्धा, की दिवाळीनंतर घर विकायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या पातेल्यावर मी हे प्रज्ञाला सांगितलं. तिने पातेलं उचललं. घरात गेली. आणि कॉलेजातून आल्यावर तडक आमच्या सोफ्यावर येऊन बसली. "तुम्ही जायचं नाही," म्हणाली. "तू गेलीस तर मी दूध कुणाकडे नेऊ? शिंदेकाकांकडे?" शिंदेकाका आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. मी हसले, पण ती हसत नव्हती. "वास कुठून येतो ते आपल्याला माहीतच नाहीये, माधवी. आपण नुसतं ठरवून टाकलंय. मला दिवाळीपर्यंत वेळ दे."

मग तिने सगळ्या वसाहतीला कामाला लावलं. दिवेलागणीला आपापल्या खिडकीशी उभं राहायचं, दीर्घ श्वास घ्यायचा आणि शून्य ते पाच यांतला एक आकडा तिला कळवायचा. काहीच वास नाही तर शून्य, खिडकी लावावीशी वाटली तर तीन, पुढ्यातलं ताट सारावंसं वाटलं तर पाच. सुरुवातीला लोक व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरच आकडे टाकायचे. तिच्या लक्षात आलं की शिंदेकाकांनी पाच टाकला की मागोमाग सगळे पाच! तिने ते बंदच केलं. "एकमेकांच्या नाकाने वास घेऊ नका," असं सगळ्यांना ठणकावलं आणि प्रत्येकाला आकडा तिला एकटीला पाठवायला लावला. गच्चीवरच्या सळईला तिने तिच्या जुन्या निळ्या साडीचा काठ बांधला होता. आकडे मागवायच्या आधी ती वर जाऊन तो काठ कुठे उडतोय ते बघून यायची. वारा खाडीकडून आहे की रेल्वेच्या रुळांकडून, तेवढंच तिला हवं असायचं. आमच्याकडे डम्पिंग खाडीच्या बाजूला, म्हणजे पूर्वेला. रूळ पश्चिमेला.

पावसाळा सरला आणि तिने पहिला आलेख काढला. आडव्या रेघेवर वारा, डावीकडे रुळांचा आणि उजवीकडे खाडीचा. उभ्या रेघेवर वासाचा आकडा. प्रत्येक माणसाची प्रत्येक संध्याकाळ म्हणजे एक ठिपका. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तिने तो कागद फिरवला. लोकांनी तो हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला आणि पुढे दिला. गोवराचे पुरळ आल्यासारखा तो कागद... कुणाला काय कळणार? तेच ठिपके घेऊन ती वॉर्ड ऑफिसात गेली, मी सोबत होते. साहेब तरुण होता, उद्धट नव्हता, पण थकलेला होता. त्याने कागद बाजूला सारला. "मॅडम, ठिपके कोणीही काढतं. यात माणसं कुठेत?"

परत येताना रिक्षात तिने त्या कागदाची घडी घालून पर्समध्ये कोंबली. मला वाटलं हरली. मी मनातल्या मनात बदलापूरचं सामान बांधायला घेतलं. सकाळी नेहमीसारखी पातेलं घेऊन आली, मी वाकून हुंगलं आणि ती एकदम म्हणाली, "हलू नकोस. तशीच थांब." आणि मोबाइल काढून तिने माझ्या नाकाचा फोटो काढला. अगदी जवळून, चमकी, तीळ, सगळ्यासकट. मी भडकले. तिच्या हातातलं पातेलं तिच्याच तोंडासमोर धरलं, ती सवयीने हुंगायला वाकली आणि मीही तिच्या नाकाचा फोटो काढला. फिटंफाट! वाफेत अर्धं बुडालेलं, टोकाशी जरासं वर वळलेलं तिचं नाक. "माझं कुठे लावू नकोस हं," ती म्हणाली, "ह्या नाकाला मत नाही." मला तेव्हा काही कळलं नाही. ती मात्र पातेलं तिथेच ठेवून घरात पळाली होती.

तिने काय केलं, तर आलेखावरचे ठिपके काढून टाकले आणि ज्याचा ठिपका त्याचं नाक तिथे बसवलं. ठिपक्याच्या जागी चित्र काढ, एवढंच संगणकाला सांगायचं असतं म्हणे. सांगायला सोपं. नाकं गोळा करता करता तिच्या नाकी नऊ आले. कुणी म्हणे नथ घालून काढू का, कुणी चकचकीत फिल्टर लावून पाठवलं. "अहो, हे नाक तुमचं नाही, मोबाइल कंपनीचं आहे," म्हणून तिने ते परत पाठवलं. शिंदेकाकांच्या फोटोत अर्ध्या मिशा आल्या, त्यामुळे चित्राचा मध्य मिशांवर पडला आणि त्यांचं नाक खऱ्या आकड्याच्या वर सरकून बसलं. नाकाचं टोक नेमकं आकड्यावर आलं पाहिजे म्हणून तिने सगळी नाकं पुन्हा कापली. वर काकांची मागणी, की सेक्रेटरी म्हणून आपलं नाक थोडं मोठं असावं. ती म्हणाली, "काका, मोठं केलं तर लोकांना वाटेल तुम्हाला वास जास्त येतो. इथे सगळी नाकं सारखी." ते मला फार आवडलं. आमच्या वसाहतीत कोण कुठल्या गावचा, कोण कुठल्या जातीचा, हे सगळ्यांना पाठ असतं. त्या आलेखावर परबांचं नाक कुठलं आणि साळव्यांच्या मिलिंदचं कुठलं, हे नाक ओळखल्याशिवाय कळायचं नाही.

मग ती ऐतिहासिक फजिती झाली. छापणाऱ्याने आलेख फ्लेक्सच्या मापात बसावा म्हणून रुंदीला ताणला. आकडे जागच्या जागी होते, रेघा बरोबर होत्या, पण समस्त वसाहतीची नाकं चपटी झाली! फ्लेक्स खाली लागला आणि तासाभरात बायका भांडायला वर आल्या. आबा काठी टेकत जिना उतरले, चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले आणि गरजले, "ह्यां माझां नाक? ही तर आंबोळी!" प्रज्ञा भिंतीला टेकून इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मग म्हणाली, "मला पुन्हा करू दे." पुन्हा केलं. ह्या खेपेला प्रत्येक नाकाभोवतीचा पांढरा चौकोनही तिने कापून काढला, कारण एकाच्या चौकोनाखाली शेजारचं नाक गाडलं जात होतं. गर्दी झाली तिथे नाकं किंचित बाजूला सरकवली, पण उंचीला हात लावला नाही. "उंची म्हणजे त्याचा शब्द आहे," म्हणायची. काही जण म्हणाले, शून्यवाली नाकं काढून टाका, आपली केस कमजोर होते. त्यांच्यावर ती खरोखर चिडली. "शून्य म्हणणारेही त्या संध्याकाळी खिडकीत उभे होते. त्यांना काढलंत तर बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवील?"

नवा आलेख लागला त्या दिवशीची संध्याकाळ मी विसरणार नाही. सगळे खाली जमलेले, जो तो आधी स्वतःचं नाक शोधतोय. "हा बघ मी! हा पण मीच! अरे, इथे पण!" आबांना त्यांचं नाक लगेच सापडलं, गिरणीत पट्टा लागून मध्ये दबलेलं, हजारांत ओळखू यावं असं. मग त्यांनी काठीच्या टोकाने एकेक आबा मोजायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले. पाचवर आबा, चारवर आबा, सगळे डाव्या बाजूला. उजवीकडे, खाडीच्या वाऱ्याला, आबा तळाशी शून्यावर. त्यांनी मागे वळून आमच्याकडे बघितलं. "अरे, ह्यो वास डम्पिंगचो न्हय. ह्यो रुळांकडसून येता!" प्रत्येकाने आपापलं नाक पुन्हा बघितलं. डावीकडे वर नाकांची जत्रा भरलेली आणि उजवीकडे वरचा कोपरा रिकामा. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो आम्ही. इतके दिवस मी घसा फोडला तो चुकीच्या दिशेला तोंड करून! प्रज्ञाने माझ्या कोपराला चिमटा काढला. "आबांना कळलं," ती पुटपुटली. "आता सगळ्यांना कळेल."

आलेख घेऊन आम्ही ऑफिसात गेलो ते वरातीसारखे. आबा रिक्षात, शिंदेकाका फ्लेक्स खांद्यावर घेऊन. साहेबाने तो भिंतीवर टांगू दिला आणि बघता बघता खुर्चीतून उठला. आमच्या तोंडांकडे बघायचा, मग आलेखाकडे. आबांसमोर उभा राहिला, त्यांचं नाक आलेखावर शोधलं आणि लहान मुलासारखा हसला. मग त्याचं हसू हळूहळू गेलं. "हे सगळे डावीकडेच का आहेत?" त्याने विचारलं. हाच प्रश्न त्याच्या तोंडून यावा म्हणून प्रज्ञाने एवढे दिवस घालवले होते. तिने त्याला वारा समजावला, निळा काठ समजावला. रुळांच्या पलीकडे काय आहे ते बघा, एवढंच म्हणाली. रुळांकडचा वारा असेल त्या संध्याकाळी मी स्वतः येतो, असा त्याने शब्द दिला.

"मॅडम, यात तुमचं नाक कोणतं?"

"माझं नाही यात. मला वास येत नाही."

"म्हणजे त्या दिवशी आला नाही?"

"कधीच येत नाही. फुलाचाही नाही, गटाराचाही नाही."

साहेबाने विचारलं, "मग हे सगळं तुम्ही कशासाठी करताय?"

तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "ही घर विकून चाललीये. मला शेजारीण पाहिजे."

त्या ऑफिसात, सगळ्यांसमोर, मला रडू आलं. लाज सोडून रडले.

साहेब शब्दाचा पक्का निघाला. रुळांकडचा वारा सुटलेल्या एका संध्याकाळी तो स्वतः आमच्या गच्चीवर आला, निळ्या काठाखाली उभा राहिला, दीर्घ श्वास घेतला आणि खिशातला रुमाल तोंडाला लावला. "पाच," रुमालातून म्हणाला. प्रज्ञाने लगेच मोबाइल पुढे केला. "रुमाल काढा साहेब. तुमचंही नाक लावते." आणि लावलं! डावीकडे, अगदी वर, आबांच्या शेजारी सरकारचं नाक. पुढे त्याच्या माणसांनी रुळांपलीकडच्या गल्ल्यांतून शोध घेतला तेव्हा एक बंद शेड सापडली. हॉटेलांचं जळलेलं तेल आणि चरबी आणून तिथे संध्याकाळी कढया चढवायचे. ना परवाना, ना धुराडं. ती शेड बंद झाली.

दिवाळीत आमच्या वसाहतीच्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. बदलापूरवाल्या एजंटाला आमच्या ह्यांनी नाही म्हणून सांगितलं. आबा खिडकीत खुर्ची टाकून बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ओरडून सांगत होते, "घे रे घे, श्वास घे! फुकट आसा!" मी मुद्दाम बांगडे तळले. प्रज्ञा ताट घेऊन माझ्या ओट्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "आता कसा वास येतोय, सांग." मी काय सांगणार? म्हटलं, तिरफळ आणि गरम तेल, खमंग, भूक लागते असा. "आणि बाहेरून?" मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. बाहेरून कुठूनतरी करंजीचा येत होता, फुलबाजीचा येत होता, आणि कुणाच्यातरी दारातल्या ओल्या मातीचा. मी एकेक सांगत गेले आणि ती डोळे मिटून ऐकत होती. "झकास," म्हणाली. इतकी खूश मी तिला त्याआधी कधी पाहिली नव्हती. पुढे तिच्या कॉलेजातली मुलं तो आलेख बघायला यायची. ती त्यांना आधी एकच सांगायची, चित्र गोंडस आहे म्हणून लावायचं नाही, ठिपक्यामागचा माणूस हरवत असेल तर लावायचं.

मी जाऊ नये म्हणून तिने हा सगळा खटाटोप केला आणि शेवटी गेली ती. हे मी तिला माफ करणार नाही.

तिच्या शोकसभेला सोसायटीच्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती. तिथेच, भिंतीवर तो आलेख आहे. शिंदेकाका उभे राहिले. म्हणाले, प्रज्ञाताईंचं नाक आलेखावर सगळ्यात वर लावू, पाचच्याही वर, मध्यभागी. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी ताडकन उठले. "अजिबात नाही," म्हटलं. "तिने कधी वास घेतला नाही. तिच्या नावाने खोटा आकडा लावाल तर ती वरून येऊन फ्लेक्स फाडेल." लोकांना वाटलं माधवी आजच्या दिवशीही भांडतेय. भांडतच होते. तिच्यासाठी, तिच्याच बाजूने. मग मिलिंद हळूच म्हणाला, "वहिनी, पण कुठेतरी ती असावी ना?" मी आलेखाकडे बघत राहिले. आणि मला तो खालचा कोपरा दिसला.

प्रत्येक आलेखाच्या कोपऱ्यात एक चौकट असते. कोणती खूण कशाची, ते त्यात लिहितात. आमच्या आलेखाच्या चौकटीत प्रज्ञाने पेनाने काढल्यासारखं एक साधं नाक ठेवलं होतं, कुणाचंच नसलेलं, आणि पुढे लिहिलं होतं: एक नाक म्हणजे एका माणसाने एका संध्याकाळी घेतलेला श्वास. त्या चौकटीला आकडा नसतो. तिथलं नाक मोजत नाहीत.

मी मोबाइल काढला. फिटंफाटीचा तो फोटो अजून होता, दुधाच्या वाफेत अर्धं बुडालेलं, टोकाशी वर वळलेलं नाक. मिलिंदने तो तिच्याच संगणकावर, तिच्याच मापाने कापला. रुंदीला ताणला नाही.

परवा तिसऱ्या मजल्यावर नवे भाडेकरू आले. सोसायटीच्या ऑफिसात कागद द्यायला आले तेव्हा ती बाई आलेखासमोर थबकली. एवढी नाकं बघून आधी हसली, मग गोंधळली. हे वाचायचं कसं, म्हणून तिने मला विचारलं. मी तिला हाताला धरून कोपऱ्यापाशी नेलं. "इथून सुरू करा," म्हटलं. "हे प्रज्ञाचं नाक."